अंगणाखालचे खाते

नव्या घराची वास्तुशांत होते, तेव्हा आलेल्या पाहुण्यांना घर फिरवून दाखविले जाते. देवघर, स्वयंपाकघरातील ओटा, गच्चीवरील पाण्याची टाकी, सौरबंब, सारे काही कौतुकाने सांगितले जाते. घरामागच्या फरशीत बसविलेले सिमेंटचे एक झाकण मात्र कोणी दाखवीत नाही आणि त्याविषयी कोणी विचारीतही नाही. त्या झाकणाखाली सेप्टिक टँक असतो. कुटुंब राहावयास आले त्या दिवसापासून तो कामाला लागलेला असतो. पुढे दहा-पंधरा वर्षे घरातील कोणालाही त्याची आठवण होत नाही.

आठवण होते ती बहुधा अवेळी. घरात कार्य असते, चार पाहुणे मुक्कामाला आलेले असतात आणि नेमके त्याच दिवशी तळमजल्यावरील शौचालयातील पाणी उतरेनासे होते. मग धावाधाव सुरू होते. जो मिळेल त्याला बोलावले जाते, तो सांगेल ती रक्कम दिली जाते आणि ‘काहीही करा, पण आज मोकळे करून द्या’ असे म्हटले जाते. या घाईतून पुढे जे घडू शकते, त्याची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. म्हणूनच विषय नकोसा वाटला, तरी प्रत्येक गृहस्थाने तो एकदा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

मोठ्या शहरांच्या जुन्या भागात भुयारी गटारे असतात. परंतु महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांची गावे, महापालिकांच्या वाढीव हद्दीतील वसाहती, ग्रामपंचायतीच्या हद्दीत घेतलेले प्लॉट आणि शेतातील बंगले या सर्वांचा भार आजही सेप्टिक टँकवरच आहे. ज्या घरात तो आहे, त्या घराने एक छोटेसे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रच अंगणात बांधलेले असते. मात्र तेथे नेमलेला कर्मचारी कोणी नसतो. ती जबाबदारी घरमालकाचीच असते.

टाकीत काय घडते

ही कल्पना सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. इंग्लंडमधील एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने १८९५ च्या सुमारास बंद टाकीत मैलापाणी कुजवून त्याची विल्हेवाट लावण्याची पद्धत राबविली आणि तिला हे नाव दिले. ‘सेप्टिक’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ कुजविणारा असा आहे. मुंबईचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये अशाच टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविण्यात आले होते. तोच ज्वलनशील वायू आजही घरोघरच्या टाकीत तयार होत असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

टाकीचे काम साधे आहे. घरातून आलेले मैलापाणी तिच्यात शिरले की त्याचा वेग मंदावतो. जड पदार्थ तळाशी बसतात, तो गाळ. तेल, तूप, साबणाचा मळ आणि इतर हलके पदार्थ वर तरंगतात व त्यांची जाड साय धरते. या दोन थरांच्या मध्ये तुलनेने निवळ पाणी राहते. टाकीत हवा खेळत नाही, त्यामुळे हवेवाचून जगणारे जीवाणू तेथे वाढतात. ते गाळ कुजवून त्याचे आकारमान कमी करतात. बाहेर जाणाऱ्या पाइपाला ‘टी’ आकाराचा जोड बसविलेला असतो. त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडालेले असल्यामुळे मधल्या थरातील पाणी तेवढे बाहेर पडते. ते शोषखड्ड्यात जाते आणि तेथून हळूहळू जमिनीत मुरते. हे पाणी निवळ दिसले, तरी रोगजंतूंपासून मुक्त नसते. त्याला खऱ्या अर्थाने गाळण्याचे काम मातीच करते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे योग्य ठरेल. टाकीत जेवढे पाणी येते, तेवढेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. त्यामुळे चांगली टाकी पाण्याने नेहमीच भरलेली दिसते. झाकण उघडल्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत पाणी दिसले, म्हणून ती भरली असे होत नाही. टाकी ‘भरते’ ती गाळाने आणि सायीने, आणि हे वरून पाहून कळत नाही.

पंधरा वर्षांचा न जुळणारा हिशेब

‘आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही’ असे वाक्य पुष्कळ घरांत समाधानाने, क्वचित अभिमानानेही ऐकावयास मिळते. बांधकाम करणाऱ्या मिस्त्रीची त्यासाठी स्तुतीही होते. हे वाक्य एकदा हिशेबाच्या कागदावर मांडून पाहावे.

टाकीचा आराखडा करताना, कुजून उरलेला गाळ माणशी दररोज ०.२१ लिटर धरण्याची आपल्याकडील अभियांत्रिकी रीत आहे. म्हणजे एका माणसामागे वर्षाला सुमारे ७७ लिटर आणि पाच जणांच्या कुटुंबामागे सुमारे ३८५ लिटर. आता समजा, त्या घराची टाकी आतून २ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे आणि पाण्याची खोली दीड मीटर आहे. तिची क्षमता ३,००० लिटर झाली. गाळ व साय मिळून टाकीचा एक-तृतीयांश भाग व्यापला गेला की उपसा करून घ्यावा, असा सर्वमान्य नियम आहे. ३,००० चा तिसरा हिस्सा १,००० लिटर. त्याला ३८५ ने भागले की उत्तर येते सुमारे २.६ वर्षे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दर दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी असे सांगितले आहे, त्यामागील गणित हेच.

आता पंधरा वर्षांचा हिशेब पाहू. ३८५ गुणिले १५ म्हणजे ५,७७५ लिटर गाळ. टाकीची संपूर्ण क्षमताच ३,००० लिटर. आत पाण्याला जागा नसती आणि टाकी काठोकाठ गाळाने भरली असती, तरीही २,७७५ लिटर गाळाचा हिशेब लागत नाही. उपसा तर एकदाही झालेला नाही. मग तो गेला कोठे?

उत्तर एकच आहे. तो पाण्याबरोबर बाहेर पडला. गाळ वाढत गेला तशी निवळ पाण्याची जागा आकसत गेली. पाच माणसांचे माणशी १०० लिटर सांडपाणी टाकीत जात असेल, तर रोजचे ५०० लिटर झाले. स्वच्छ टाकीत ते सहा दिवस थांबते. टाकीचा दोन-तृतीयांश भाग गाळाने व्यापला की ते दोन दिवसही जेमतेम थांबते. त्यापुढे तर आलेला मैला तळाशी बसण्यापूर्वीच बाहेरच्या पाइपाकडे ओढला जातो. तो शोषखड्ड्यात उतरतो, तेथील मातीची छिद्रे बुजवितो. शोषखड्डा नसेल, तर उघड्या गटारात वाहतो. विहीर किंवा बोअर जवळ असेल, तर त्या पाण्यापर्यंतही पोहोचतो. टाकी भरली नाही, कारण ती कधीच वाहू लागली होती.

जमिनीचा स्वभावही येथे महत्त्वाचा ठरतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी शोषेनाशी होते. त्यामुळे अशा भागात शोषखड्डा लवकर तुंबतो. कोकणातील जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते, त्यामुळे ते पुरेसे गाळले न जाताच विहिरीपर्यंत जाऊ शकते. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर वा बोअर यांत निदान ६० फुटांचे अंतर असावे, असा संकेत आहे. ज्या प्लॉटवर ते अंतर मिळाले नाही, त्या घराने तर उपशाची तारीख चुकविताच कामा नये.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर टाकीचा उपसा हा ठरावीक काळाने येणारा महसुली खर्च आहे. तो टाळला की शोषखड्डा निकामी होतो आणि नवा खोदण्याचा भांडवली खर्च अंगावर येतो. शिवाय लहान प्लॉटवर दुसरा खड्डा खोदण्यास जागाही उरलेली नसते.

घरोघर हा हिशेब थोडा बदलेल. त्याच टाकीवर सात माणसे असतील, तर उपसा दोन वर्षांच्या आतच करावा लागेल. मुले नोकरीनिमित्त परगावी गेली आणि घरी दोघेच वृद्ध राहिले, तर काळ सहा वर्षांपर्यंत लांबेल. अशा घरानेही दर तीन वर्षांनी गाळ मोजून घेणे बरे. उलट टाकी १,००० लिटरचीच असेल, तर पाच जणांना ती वर्षभरही पुरणार नाही.

गाळ मोजण्याची रीत सोपी आहे. लांब काठीच्या खालच्या चार फुटांना जुने पांढरे कापड गुंडाळतात. ती तळाला टेकेपर्यंत हळू सोडून काही मिनिटे धरतात. बाहेर काढल्यावर कापडावर जेथपर्यंत दाट काळा थर चिकटलेला दिसतो, तेवढी गाळाची उंची. हे मोजमाप जाणकार माणसाकडून, झाकण काही काळ उघडे ठेवल्यानंतर आणि बाहेर उभे राहूनच करून घ्यावे. टाकीच्या तोंडावर वाकून पाहू नये.

टाकी देत असलेल्या खुणा

तारखेची नोंद नसेल, तर निदान खुणा तरी ओळखता याव्यात. तळमजल्यावरील शौचालयातील पाणी सावकाश उतरू लागणे ही पहिली खूण. पाणी सोडल्यावर भांड्यातून किंवा न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज येणे ही दुसरी. घरात किंवा अंगणात सकाळ-संध्याकाळ कुजका वास येणे ही तिसरी. ऐन उन्हाळ्यात शोषखड्ड्यावरील जमीन ओलसर राहणे किंवा तेवढ्याच भागातील गवत हिरवेगार दिसणे, ही चौथी. गटारात पडणारे पाणी काळपट व गाळ मिसळलेले दिसणे, ही पाचवी आणि सर्वांत स्पष्ट. डास अचानक वाढले, तरी टाकीच्या झाकणाची फट आणि वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपावरील जाळी पाहावी. हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतात.

प्रत्येक अडथळ्याचा दोष टाकीला देणेही बरोबर नाही. एकाच शौचालयाचे पाणी तुंबत असेल आणि बाकीची ठीक असतील, तर अडथळा त्या शौचालयाच्या पाइपात असतो. तळमजल्यावरील सर्वच ठिकाणी पाणी तुंबत असेल, तर घर आणि टाकी यांमधील चेंबर पाहावे. ते कोरडे असेल, तर अडथळा घराच्या बाजूला आहे. ते भरून आले असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. एवढे पाहून मगच गाडी बोलावली, तर विनाकारण होणारा खर्च वाचतो.

रोजच्या सवयी

टाकीचे आयुष्य मोठ्या उपायांपेक्षा रोजच्या सवयींवर अधिक अवलंबून असते. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले पुसणे, कापूस, केसांचे गुंते, औषधांच्या उरलेल्या गोळ्या, रंग व थिनर यांपैकी काहीही शौचालयात टाकू नये. यांतील पुष्कळशा वस्तू कुजत नाहीत आणि औषधे व रसायने कुजविणाऱ्या जीवाणूंनाच मारतात. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर यांचा वापरही बेताचाच असावा. शौचालय चकचकीत करण्याच्या नादात बाटलीभर अॅसिड ओतले, तर आतील जिवंत यंत्रणा मंदावते.

स्वयंपाकघरातील पाणी टाकीत जात असेल, तर तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. कढई आणि ताटे कागदाने पुसून मग धुवावीत. चहाचा चोथा आणि खरकटे जाळीवरच अडवावे. ठिबकणारा नळ आणि सतत वाहणारी फ्लशची टाकी ही वरवर किरकोळ वाटणारी दुखणी आहेत. परंतु त्यांच्यामुळे टाकीतील पाणी ढवळत राहते व गाळ बसत नाही. गच्चीवरील पावसाचे पाणी तर या टाकीत कधीही सोडू नये. एका मोठ्या सरीचे पाणी आतील गाळ शोषखड्ड्यात नेऊन सोडते.

बाजारात ‘एक पुडी टाका, टाकी साफ’ अशी पावडर मिळते. कुजविण्यासाठी लागणारे जीवाणू मैल्याबरोबर रोजच टाकीत जात असतात, ते विकत घेण्याची गरज नाही. कोणत्याही पुडीमुळे उपशाची गरज संपत नाही. 

टाकीवर किंवा शोषखड्ड्यावर मोटार उभी करू नये. जवळ वड, पिंपळ, उंबर यांसारखी मुळे लांब धावणारी झाडे नसावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाकण सापडले पाहिजे. अंगणाला नवी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसविताना अनेक घरांत ते झाकण कायमचे गाडले जाते. ज्या दिवशी गाडी दारात येते, त्या दिवशी अर्धे अंगण फोडूनही तोंड सापडत नाही. घर विकत घेणाऱ्यानेही टाकी कोठे आहे, केवढी आहे आणि शेवटचा उपसा कधी झाला, हे व्यवहारापूर्वी विचारून घ्यावे. कपाटांची व पंख्यांची यादी होते, तशी याची नोंदही झाली पाहिजे.

गाडी बोलावताना

उपसा नगरपरिषदेच्या किंवा तिचा परवाना असलेल्या खासगी व्हॅक्यूम गाडीकडूनच करून घ्यावा. गाडीवाल्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: गाळ कोठे रिता करणार आणि पावती देणार का? टाकीतील गाळ अतिशय तीव्र असतो. तो गावाबाहेरील ओढ्यात किंवा कोणाच्या शेतात सोडला, तर आपल्या अंगणातील घाण दुसऱ्याच्या पाण्यात गेली, एवढाच त्याचा अर्थ. प्रक्रिया केंद्रावर नेल्याची पावती म्हणूनच महत्त्वाची आहे.

टाकीला दोन कप्पे असतील, तर दोन्ही उपसून घ्यावेत. पहिल्यात गाळ अधिक असतो म्हणून तेवढाच काढून गाडी निघून जाण्याचा प्रकार होतो. थोडा गाळ तळाशी राहिला तर हरकत नाही, त्यातील जीवाणू पुढील कामाला उपयोगी पडतात. रिकामी टाकी फिनेलने किंवा अॅसिडने धुण्याची मुळीच गरज नाही. ती रिकामी असतानाच बाहेरून विजेरीच्या उजेडात भिंतींना तडे आहेत का, ‘टी’ जोड जागेवर आहे का आणि मुळे आत शिरली आहेत का, हे पाहून घ्यावे. काम चालू असताना जवळ विडी, दिवा किंवा कोणतीही ज्योत नसावी, कारण माटुंग्याला इंजिन चालविणारा तो वायू येथेही असतो. मुलांना दूर ठेवावे. झाकण बंद झाल्याची खात्री घरातील मोठ्या माणसाने स्वतः करावी.

हे काम शक्यतो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करावे. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर आलेली असते. सांगली-कोल्हापूर भागाने २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिले, तेव्हा असंख्य टाक्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा वेळी पाणी ओसरताच टाकी रिकामी करण्याची घाई होते. परंतु भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली, तर बाहेरच्या दाबाने ती तडकू शकते आणि फायबरची हलकी टाकी वर उचलली जाऊ शकते. जमीन वाळेपर्यंत थांबावे, तोवर पाण्याचा वापर कमी ठेवावा आणि विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

जेथे माणूस उतरतो

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा हिशेब मांडावयाचा, ती गोष्ट. दोन-तीन वर्षांनी उपसलेल्या टाकीतील गाळ पातळ असतो. गाडीची नळी तो सहज ओढून घेते आणि कोणालाही आत पाय ठेवावा लागत नाही. पंधरा वर्षे पडून राहिलेला गाळ तळाशी घट्ट बसतो. नळी वरचे पाणी ओढते आणि थांबते. दारात गाडी उभी असते, घरात पाहुणे असतात, मालक घाई करीत असतो. अशा वेळी कोणीतरी म्हणते, ‘एकाला खाली उतरवा, फावड्याने सैल करू.’ चार पैसे अधिक मिळतील म्हणून एक जण उतरतो.

त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू असतात आणि प्राणवायू फार थोडा असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास थांबला म्हणून हवा चांगली झाली असे उतरणाऱ्याला वाटते, तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. घट्ट गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. काही क्षणांत माणूस कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. एकाच टाकीत दोन-तीन जणांचा मृत्यू, अशा बातम्या दरवर्षी वर्तमानपत्रात येतात, त्यामागील क्रम बहुधा हाच असतो. आत कोणी कोसळलेच, तर मागोमाग कोणीही उतरू नये. ११२ वर किंवा अग्निशमन दलाला तत्काळ कळवावे. श्वसनयंत्र लावलेला प्रशिक्षित माणूसच आत जाऊ शकतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने, संरक्षक साधने व पुरेशी दक्षता यांवाचून सेप्टिक टँक साफ करण्यास माणूस लावणे हा गुन्हा ठरविला आहे. ही मनाई केवळ नगरपरिषदेला किंवा ठेकेदाराला नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. माणूस थेट लावला काय आणि दुसऱ्याच्या मार्फत लावला काय, दोन्ही त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अशा मृत्यूंमध्ये कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. गाडी कोठे मिळेल हे ठाऊक नसेल, तर नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात विचारावे. केंद्र शासनाने या कामासाठी १४४२० हा मदत क्रमांकही सुरू केलेला आहे.

तरीही ही गोष्ट केवळ कायद्याची राहू नये. चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणाऱ्या घराच्या अंगणात, त्या घराच्या विसराळूपणामुळे एक माणूस टाकीत उतरतो. त्याला खाली उतरविणारा शब्द त्या दिवशी कोणीतरी उच्चारलेला असतो. परंतु त्याला तेथवर आणणारे कारण पंधरा वर्षे साचत आलेले असते. वेळेवर केलेला उपसा हा म्हणूनच आपल्या सोयीचा जेवढा आहे, त्याहून अधिक त्या अनोळखी माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

एका पानाची नोंद

ही शिस्त संपूर्ण गावाला लावता येते, हे महाराष्ट्रातील दोन लहान शहरांनी दाखविले आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी टाक्या क्रमाने उपसण्याची योजना आखली. तीन वर्षांच्या फेरीत शहरातील टाक्या आळीपाळीने उपसल्या जातात. तक्रार येण्याची वाट पाहिली जात नाही. गाडी ठरलेल्या भागात जाते आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर नेला जातो. टाकी तुंबली की धावावयाचे, या जुन्या रीतीऐवजी तारीख आली की उपसावयाचे, एवढाच बदल झाला.

जेथे अशी योजना नाही, तेथे प्रत्येक घर आपल्यापुरती ती राबवू शकते. विम्याची, करपावतीची आणि गॅसची कागदपत्रे ज्या फाइलीत ठेवली जातात, त्याच फाइलीत एक पान जोडावे. त्यावर टाकीची लांबी, रुंदी व खोली लिहावी. झाकण घराच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे, त्याचा साधा नकाशा काढावा. घरात किती माणसे राहतात ते लिहावे. शेवटच्या उपशाची तारीख, त्या वेळी मोजलेली गाळाची उंची आणि गाडीवाल्याची पावती तेथेच लावावी. शेवटच्या ओळीत पुढील उपशाची तारीख लिहावी आणि त्या खर्चासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी. म्हणजे ऐन वेळी घासाघीस करून स्वस्तातला आणि धोक्याचा मार्ग धरण्याचा मोह होत नाही.

ज्या घरात शेवटची तारीख कोणालाच आठवत नाही, त्या घराने ती शोधत बसू नये. टाकी उपसण्याची वेळ झाली आहे, असेच समजावे. झाकण सापडत नसेल तर ते आधी शोधावे, परवानाधारक गाडी ठरवावी, आणि नळीने निघणार नाही इतका गाळ घट्ट झाला असेल, तर पाण्याचा जोराचा झोत बाहेरून सोडून तो सैल करण्याची सोय असलेली गाडी मागवावी. त्यासाठी दोन खेपा लागल्या आणि चार दिवस अधिक गेले, तरी थांबावे. पण कोणालाही आत उतरू देऊ नये.

पुढच्या वेळी घरात वास्तुशांत किंवा कार्य ठरले, की मांडव, आचारी आणि पाण्याचा टँकर यांच्या यादीत आणखी एक ओळ लिहावी: टाकीची तारीख पाहणे. मंगलकार्याच्या यादीत ती विजोड दिसेल. परंतु कार्य निर्विघ्न पार पडावे असे म्हणताना, त्या दिवशी अंगणात काम करण्यास येणाऱ्या माणसाचाही विचार त्यात असावा.